अँपिअरच्या भोकातली लाल वायर

“…स्वस्त पण पाहिजे आणि टिकाऊ पण पाहिजे, उस्ताद. व्होल्ट-करंट मोजायचा असा मीटर कुठल्या कंपनीचा मिळंल?”

बाबालाल उस्ताद ट्रॅक्टरचा डायनामो खोलून बसले होते. मान वर केली नाही.

“पहिला कुठं गेला?”

“जळला.”

“आपल्या आपण?”

धैर्यशील मगदूमनं बाकड्यावरचा स्क्रू उगाच इकडचा तिकडं केला.

“भरमाच्या हातात जळला.”

कागलच्या रस्त्याला गाड्यांच्या वायरिंगची जेवढी दुकानं आहेत, त्यातले निम्मे लोक या उस्तादांच्या हाताखालून गेलेत. धैर्यशील आणि भरमा त्यातलेच. एकाच वेळी शिकले, एका डब्यात जेवले, पुढं भागीत दुकान टाकलं. पाटीवर नाव मात्र धैर्यशीलचं मोठं. भरमाचं खाली, बारीक. भरमाला त्याचं काही वाटलं नाही, तो तसलाच.

“जळका मीटर आणलास?”

“टाकून दिला.”

“लई घाई केलीस.”

धैर्यशील हसला. ते हसू काही खरं नव्हतं.

“त्यात बघण्यासारखं काय राह्यलं नव्हतं, उस्ताद. ट्रकच्या बॅटरीला लावला आणि भडका उडाला. वायर वितळून भरमाच्या तळहाताला चिकटली. मी तर म्हणतो मीटरच भिकार होता. नुसता प्लॅस्टिकचा डबा, आत फ्यूज न्हाई काय न्हाई.”

“हम्म्…”

“आता घेतला तर चांगलाच घेणार. रबराचं कव्हर पाहिजे, खाली पडला तरी फुटू नये. वायरी जाड पाहिजेत, तापल्यावर मऊ न पडणाऱ्या. आकडे मोठे, उन्हात दिसायला पाहिजेत. चुकीचं लावलं तर आवाज देणारा पाहिजे. म्हणजे कुणाच्याबी हातात दिला तरी…”

“कुणाच्याबी म्हणजे?”

“म्हणजे… भरमासारख्याच्या.”

उस्तादांनी डायनामो बाजूला ठेवला. हात पुसले. भिंतीच्या खिळ्याला टांगलेला आपला मीटर काढला आणि फडक्यानं पुसायला घेतला. जुनाच मीटर. कव्हर झिजलेलं, कोपऱ्याला चिकटपट्टी.

धैर्यशीलचं चाललंच होतं. अमक्याचा मीटर चांगला पण महाग, तमक्याचा स्वस्त पण डायल लवकर ढिला होतो, आणखी एकाची म्हणे हमी मिळते. ज्याला एक गोष्ट बोलायची नसते, तो दहा गोष्टी बोलतो.

उस्ताद मध्येच म्हणाले, “भरमा आला होता.”

धैर्यशील थांबला.

“कधी?”

“हात बांधलेलाच होता. आपली हत्यारांची पेटी घिऊन आला आणि हितं ठेवून गेला.” उस्तादांनी बाकड्याखाली बोट केलं. हिरवी पेटी होती. “म्हणाला, ह्या हाताला हे काम जमायचं न्हाई. सूतगिरणीत लागतो.”

“सूतगिरणीत? अहो, त्याच्यासारखी वायरिंग अख्ख्या तालुक्यात कोण करतो?”

“तूच सांग. चार गिऱ्हाइकं बसली होती म्हणं. तू त्याला म्हणालास, हात हाय का फावडं? उस्तादांकडं काय माशा मारत होतास?”

धैर्यशीलचे कान लाल झाले. हे त्यानं भरमाला म्हटलं होतं खरं. भरमा तेव्हा भाजलेला हात बादलीत बुडवून उभा होता. उलटून एक शब्द बोलला नाही. हात बाहेर काढला, चप्पल घातली आणि गेला.

“रागात बोललो, उस्ताद. तो… अजून काय म्हणाला?”

“म्हणाला, चूक माझी. मीटर उचलताना बघून घ्यायला पाहिजे होतं, बघितलं न्हाई.”

“हां! बघा, त्यानंच कबूल केलं!”

तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण जीवही भांड्यात पडला होता, ते काही लपलं नाही.

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“त्या ट्रॅक्टरची बॅटरी बघ जरा. किती व्होल्ट दावतीया?”

मीटर पुढं केला. धैर्यशीलनं तो घेतला. काम मिळालं की माणसाला तोंड लपवायला जागा मिळते. झपझप गेला, वाकला, काळं टोक बॅटरीच्या एका बाजूला टेकवलं, लाल टोक दुसरीकडं नेलं…

मनगट धरलं गेलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“खाली बघ.”

धैर्यशीलनं मीटरकडं पाहिलं.

लाल वायर अँपिअरच्या भोकात होती.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्होल्ट मोजायचे तर लाल वायर एका भोकात घालायची, करंट मोजायचा तर दुसऱ्या, अँपिअरच्या. अँपिअरच्या भोकात असताना ती बॅटरीला लावली की मीटर राहत नाही, नुसती सरळ तार होते. भडका ठरलेला. म्हणून उस्तादांच्या दुकानात पहिल्यापासून एकच रीत. करंट मोजून झाला की वायर काढायची, व्होल्टच्या भोकात घालायची, मगच मीटर खिळ्याला टांगायचा. आपल्यासाठी नाही, पुढं जो उचलेल त्याच्यासाठी.

आणि ती वायर उस्तादांनी मीटर पुसताना, धैर्यशीलच्या डोळ्यांदेखत मुद्दाम त्या भोकात घातली होती. तो कंपन्यांची नावं सांगत होता.

“का बघितलं न्हाईस?”

“तुमचा मीटर, उस्ताद… तुमच्या खिळ्यावरचा. भरवसा होता.”

“भरमाला पण होता.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

धैर्यशील खाली बसला. बॅटरीशेजारीच, तेलाच्या डागावर. पँट खराब झाली, त्याचं त्याला भान नव्हतं.

“भडक्याच्या आदल्या दिवशी एका जीपचा करंट मीच मोजला होता,” तो म्हणाला. “रातभर बॅटरी उतरत होती म्हणून. लाल वायर तशीच त्या भोकात राह्यली.”

“कधी ध्यानात आलं, धैर्या?”

“भडका उडाला… तवाच.”

“मग वरडलास?”

“म्हणूनच वरडलो.”

एवढं बोलून त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. लाज अशी असते की समोरच्याचं ऐकून तेवढी वाटत नाही. आपलंच वाक्य आपल्या कानावर पडलं की मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं होतं. त्याला तसं झालं होतं.

उस्तादांनी लाल वायर काढली, व्होल्टच्या भोकात बसवली आणि मीटर खिळ्याला लावला.

“मीटर ज्याच्या अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज हाय, तो घे,” ते म्हणाले. “कंपनी कंचीबी असू दे. वायरी जाड बघ. बाकी सगळी शोभा.”

धैर्यशीलनं मान हलवली. मीटरचं आता त्याला काही सुचत नव्हतं. त्यानं बाकड्याखालची हिरवी पेटी ओढली. वर भरमाच्या पोरीनं चिकटवलेलं मोराचं चित्र होतं. ते त्याला पाहवेना.

पेटी उचलून तो उठला.

“आत्ताच जातो, उस्ताद. त्याच्या घरी जातो. दार लावून घेतो आणि त्याचे पाय धरतो. सगळं सांगतो.”

उस्तादांनी पुन्हा डायनामो पुढ्यात ओढला.

“घरी नको.”

“मग?”

“दुकानात बोलव. आणि घाई करू नको… गिऱ्हाइकं जमू देत.”