सराव सर्व्हरचं नाव

“नाव बदललंस खरं, पण टिकेल का रे?”

“टिकेल म्हणजे काय बुवा! स्क्रीनवर दिसतंय की.” कौस्तुभ हसला.

आत्मारामबुवांनी उभं आयुष्य टेलिफोन खात्याचे सर्व्हर सांभाळले. आता मठाच्या दवाखान्यातले सांभाळतात. कौस्तुभ त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, पण तोरा विचारू नका.

काम मात्र जिवाशी खेळ होता. नवख्यांना शिकवायला त्याने रक्तपेढीच्या सर्व्हरची हुबेहूब नक्कल केली होती. नकलेतले रक्तगट मनाने भरलेले, खोटे. नाव मात्र तेच आलेलं, ‘रक्तपेढी’. आणि रक्त द्यायच्या खिडकीवरचा संगणक नावावरूनच सर्व्हर शोधतो. म्हणून त्याने नकलेचं नाव ‘सराव’ केलं आणि नेटवर्कची केबल जोडून मोकळा झाला.

“बंद करून चालू केलास?”

“छे! चांगल्या चालत्या मशीनला कशाला हात लावायचा?”

“उद्या गुरुवार. वीज जाणार. मग आपोआपच बंद पडेल.”



बुवा उठले. नकलेची केबल काढून घेतली आणि बटणाकडे हात नेला.

कौस्तुभने तो हातच धरला. “बुवा, नको!”

“का रे? नाव कायमचं बदललंयस ना?”

“हो... म्हणजे... नको ना, बुवा.”

बुवांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली.

रक्तपेढी.

कौस्तुभने दाराबाहेर पाहिलं. पलीकडच्या वॉर्डात एक बाळंतीण रक्तासाठी ताटकळत होती.

“उद्या वीज आल्यावर खिडकीवर तिचा खोटा गट दिसला असता... अरे देवा! मी मशीन चालू असेपर्यंतचंच नाव बदललं, बुवा. डिस्कवर लिहिलंच नाही.”

“मग लिही.”

कौस्तुभ कीबोर्डवर वाकला. त्याने ‘होस्टनेमसीटीएल’ची आज्ञा देऊन नाव कायमचं लिहिलं. नावांची यादी असते त्या होस्ट्स फाइलमध्ये जुनं नाव राहिलं होतं, तेही बदललं. मग स्वतःच मशीन रीस्टार्ट केलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

...

उघडले तेव्हा समोर ‘सराव’ होतं.

“राहिलं, बुवा! राहिलं! द्या ती केबल, जोडतो.”

“भीती गेली?”

“पार गेली!”

बुवांनी केबल गुंडाळली आणि मांडीवर ठेवली.

“मग बस इथे. भीती परत आली की जोडू.”