दोन पाचांची अदलाबदल

“...मग निघू ना मी, गुरुजी?”

त्रिविक्रमाने पुन्हा विचारले. पलीकडच्या गावाने त्याला नव्या शाळेवर शिकवायला बोलावले होते. बैलगाडी दारात उभी होती. नागेशशास्त्र्यांच्या होकारापाशी तेवढे घोडे अडले होते.

“एक उदाहरण सोडव. मग बघू,” शास्त्री म्हणाले.

त्यांची रीत जुनी. गेरूने अंक लिहिलेल्या खापऱ्या दोरीने पोरांच्या गळ्यात अडकवायच्या आणि पोरे ओळीने उभी करायची, की झाली संख्या. जागा बदलल्या की दुसरी.

आज चौघे उभे राहिले. तीन, पाच, पाच, आठ.

“किती संख्या होतील?”

“बारा!” पोरे अजून नीट उभीही राहिली नव्हती. “चारही अंक वेगळे असते तर चोवीस. पण पाच दोन आहेत. त्यांची अदलाबदल केली तरी संख्या तीच. म्हणून निम्म्या.”

उत्तर बिनचूक होते. गणितात त्रिविक्रमाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे इतरांच्या आधी त्यालाच कळले होते. शास्त्र्यांचा तरीही त्याच्यावर फार जीव.

शास्त्री गुडघ्यावर हात टेकत उठले. एका पाचाला त्यांनी दुसऱ्याच्या जागी नेले, दुसऱ्याला पहिल्याच्या.

“आता?”

“तीच संख्या, गुरुजी.”

त्यांनी दोघांना पुन्हा हलवले.

“आता?”

“तीच!” त्रिविक्रमाला हसू आले. वय झाले गुरुजींचे, दुसरे काय!

“हा कोण?”

“पाच.”

“आणि हा?”

“तोही पाचच.”

...

धाकट्या पाचाने आपली खापरी मुठीत झाकली.

“मी भानू आहे,” तो म्हणाला. “काल तुम्हीच मला खांद्यावर बसवून ओढा पार केलात की, दादा.”

त्रिविक्रमाचे कान तापले. खाली बसून त्याने भानूच्या गळ्यातली दोरी काढली. मग दुसऱ्याचीही.

“आणि हा केरू,” तो हळूच म्हणाला.

...

“माझं उत्तर चुकलं का, गुरुजी?”

शास्त्र्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

“उत्तर बाराच, बाळ. जा, गाडी खोळंबली आहे. पण पोरं समोर उभी असली, की चुकत जा.”