ढकल्याचा गोळा आणि चाचांचा रिव्हर्स

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. ऊन कोवळं होतं. पण वारा, काय सांगू, भारी खट्याळ. झाडाची पानं उडवत होता. दोरीवरचा टॉवेल उडवत होता. कोंबडीची शेपटी उलटी करत होता. फूं फूं फूं.

अशा वाऱ्यात एक शेणकिडा घरी निघाला होता. त्याचं नाव ढकल्या. एवढुस्सा. काळा कुळकुळीत.

ढकल्याजवळ होता एक गोळा. शेणाचा. हसू नका बरं. तो त्याने लाडवासारखा छान वळला होता. आणि गोळ्याच्या पोटात होतं त्याचं बाळ. गाढ झोपलेलं.

ढकल्या चालायचा कसा? उलटा. डोकं खाली, बूड वर. मागच्या पायांनी गोळा ढकलायचा आणि मागे मागे जायचा. सुर सुर सुर.

गल्ली होती उताराची. वारा आला. फूं. गोळा सुटला.

गड गड गड गड.

गेला गेला, आणि खड्ड्यात पडला. गल्लीत उभ्या टेम्पोच्या चाकापुढचा खड्डा तो. वर अर्धं आलेलं चाक, खाली गोळा. टेम्पो मागे गेला, तर गोळा निघेल. टेम्पो पुढे गेला, तर... नको नको. पुढे जायलाच नको.

ढकल्या निघाला. गोळा नव्हता, तरी उलटाच निघाला. सवय ना. सुर सुर सुर. टुक. लागलं बूड इस्माईलचाचांच्या चपलेला. चाचा टेम्पोचे मालक. बशीतून चहा पीत होते.

"चाचा चाचा, रिव्हर्स घ्या.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

चाचा म्हणाले, घेतला असता रे. पण आरसा लोंबतोय. मागचं दिसत नाही. मागे कुणाची म्हैस बसली असली म्हणजे?

"मामाला सांग, आरसा रिपेर कर. मग घेतो रिव्हर्स. पण ऐक, बेटा. चहा संपला की मी निघणार. आणि निघालो, की पुढेच."

फुर्रर. एक घोट गेला.

ढकल्या निघाला. सुर सुर सुर. टुक. लागलं बूड तानूमामाच्या तळपायाला. मामा गॅरेजवाला. स्कूटरखाली झोपून काम करत होता. नुसते पाय बाहेर. पायाला झाल्या गुदगुल्या. मामा खालून म्हणाला, कोण आहे ते, तोंडाने बोला, बुडाने नको.

"मामा मामा, रिपेर करा.
रिपेर होईना, चाचा रिव्हर्स घेईना.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

मामा म्हणाला, रिपेर काय, चुटकीसरशी. पण माझा पाना नेलाय भावाने. फोन केला की घेऊन येईल. आणि फोन तर बंद.

"मावशीला सांग, रिचार्ज मार. मग करतो रिपेर."

तिकडे चाचा. फुर्रर. दुसरा घोट गेला.

ढकल्या निघाला. सुर सुर सुर. टुक. लागलं बूड शेवंतामावशीच्या स्टुलाला. मावशी रिचार्जवाली. छत्रीखाली बसली होती. समोर वही, वहीवर दगड. वारा ना.

"मावशी मावशी, रिचार्ज मार.
रिचार्ज होईना, मामा रिपेर करीना.
रिपेर होईना, चाचा रिव्हर्स घेईना.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

मावशी म्हणाली, नंबर लिहून घेतल्याशिवाय मी रिचार्ज मारत नाही बाबा. एकदा नुसता ऐकून मारला. मामाचा रिचार्ज गेला मामाच्या सासूला. सासूबाई तीन दिवस बोलत होत्या. आणि आता बघ, पेन कोरडं.

"काकांना सांग, रिफिल द्या. मग मारते रिचार्ज."

तिकडे चाचा. फुर्रर. अर्धा कप गेला.

ढकल्या निघाला. जरा दमला होता. सुर... सुर... सुर. टुक. लागलं बूड भुजंगकाकांच्या दुकानाच्या पायरीला. काका दुकानदार. तोंड फुगवून बसले होते.

"काका काका, रिफिल द्या.
रिफिल मिळेना, मावशी रिचार्ज मारीना.
रिचार्ज होईना, मामा रिपेर करीना.
रिपेर होईना, चाचा रिव्हर्स घेईना.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

काका म्हणाले, रिफिल आहे आतल्या फळीवर. पण मी इथून उठायचा नाही. त्या आबांनी सोड्याच्या सहा बाटल्या नेल्या. सहा! एक परत नाही. सोडेवाला येईल, मला विचारील. मी काय सांगू?

"आबांना सांग, बाटल्या रिटर्न करा. मग उठतो. मग देतो रिफिल."

तिकडे चाचा. फुर्रर. बशी संपली. कपात राहिला एवढासा.

ढकल्या निघाला. सुर... थांबला. सुर... थांबला. पण बाळ आठवलं. सुर सुर सुर. टुक. लागलं बूड दगडूआबांच्या काठीला.

आबा रिटायर झालेले. आधी एसटीत कंडक्टर होते. दिवसभर माणसं, दिवसभर बोलणं. आता ओट्यावर एकटेच. खाटेखाली सहा बाटल्या. एक दोन तीन चार पाच सहा.

"आबा आबा, रिटर्न करा.
रिटर्न होईना, काका रिफिल देईना.
रिफिल मिळेना, मावशी रिचार्ज मारीना.
रिचार्ज होईना, मामा रिपेर करीना.
रिपेर होईना, चाचा रिव्हर्स घेईना.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग हळूच सांगितलं. बाटल्या घरात आहेत, म्हणून काका रोज हाक मारतात. आबा, बाटल्या कुठंयत? आबा, बाटल्या कधी देता? बाटल्या दिल्या, की हाक बंद.

ढकल्या तसाच उभा राहिला. बूड वर करून.

आबांना हसू आलं.

"बाटल्या देतो. मला काही नको. फक्त एकदा परत सांग. रिपीट कर सगळं. छान म्हणतोस."

चहा संपत आला होता. ढकल्याचे पाय दुखत होते. तरी त्याने सांगितलं. पहिल्यापासून. आबा टाळी देत होते.

"रिटर्न होईना, काका रिफिल देईना.
रिफिल मिळेना, मावशी रिचार्ज मारीना.
रिचार्ज होईना, मामा रिपेर करीना.
रिपेर होईना, चाचा रिव्हर्स घेईना.
रिव्हर्स होईना, बाळ घरी येईना."

आबा उठले. पिशवीत बाटल्या भरल्या. खण खण खण. ढकल्याला टोपीवर बसवलं आणि चालले झपझप.

आबांनी बाटल्या रिटर्न केल्या. काकांचं तोंड फुगलेलं होतं, त्यातली हवा गेली. फुस्स. काका म्हणाले, बसा आता इथंच, पायरीवर. हे काय आहे सगळं, ते मला सांगा. ढकल्या टोपीवरून उतरला. आबा बसले. सांगू लागले.

काका उठले. काकांनी रिफिल दिली. टक.

मावशीने नंबर लिहिला. मावशीने रिचार्ज मारला. टिंग.

मामाने फोन केला. भाऊ आला पळत, पाना घेऊन. मामाने आरसा रिपेर केला. कर्र कर्र कर्र.

आणि चाचा? चाचांनी कप तोंडाला लावला. शेवटचा घोट. फुर्रर. चाचा टेम्पोत बसले. टेम्पो सुरू केला. धड धड धड.

खड्ड्याशी येऊन पोचलेल्या ढकल्याने डोळे मिटून घेतले.

चाचांनी आरशात बघितलं. मागे खरंच म्हैस बसली होती. चाचांनी हॉर्न वाजवला. म्हैस उठली. हंबरली. बाजूला झाली. शेपटी हलवत गेली.

चाचांनी रिव्हर्स घेतला.

टूं. टूं. टूं. टूं.

चाक मागे गेलं. खड्ड्यात ऊन आलं. उन्हात होता गोळा. गोल गरगरीत. लाडवासारखा. जसाच्या तसा.

ढकल्याने डोकं खाली केलं. बूड वर केलं. मागचे पाय गोळ्याला लावले. जोर केला. हं... हं... हुप्प. गोळा वर आला. चाचांनी टेम्पो थांबवून वाट दिली.

सुर सुर सुर. आपला उलटा उलटा, उतार चढून, ढकल्या घरी गेला.

घराशेजारी राहायची गोगलगाय आत्या. ती दारातच होती. तिने गोळा बघितला. ढकल्याला बघितलं. मग दोन्ही शिंगं लांब करून गोळ्याला लावली. कितीतरी वेळ लावून ठेवली. आणि हळूच म्हणाली,

"ढकल्या, इकडे ये. ऐक. आत कुणीतरी जागं झालंय."