ओ न देणारी खिडकी

“...मग मास्तर, दोष कोणाचा? माझा, की टूलकिटचा?”

मास्तर होडीची दोरी सोडत होते. एके काळी ते तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. आता तलावावर होडी चालवतात.

सकाळचं धुकं अजून पाण्यावरच होतं. पलीकडचा काठ असून नसल्यासारखा.

“काय झालं ते नीट सांग, यशोधन.”

“आरोग्यकेंद्राला प्रोग्रॅम करून दिला. प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर खिडक्या-बटणं बनवायचं जे टूलकिट फुकट मिळतं, त्यातूनच स्क्रीनवरची खिडकी बांधली. बटणं, रकाने, सगळं. पण नर्स मंदाताईंनी रुग्णांच्या यादीचं बटण दाबलं की खिडकी पांढरी पडते. अर्धं मिनिट नुसता दगड.”

“त्या अर्ध्या मिनिटात ती काय करते?”

“कामच करते. चार हजार नावं गोळा करते. मंदाताईंना तेवढा धीर नाही. परत परत दाबत बसतात. परवा म्हणाल्या, माझ्याच हातून बिघडलं रे बाबा. आणि जुनी वही उघडली. आता कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नाहीत.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता.”

“तोंडावर?”

“...हो.”

मास्तरांनी दोरी होडीत टाकली आणि त्याला आत बसायची खूण केली.

“बाहेरचं भारी टूलकिट आणतो आता,” यशोधन म्हणाला.

मास्तरांनी वल्ही त्याच्या हातात दिली. “आण. आधी पलीकडे जाऊ.”

यशोधन जोर लावून वल्हवू लागला.

“ओ होडीवाले...”

धुक्यातून बाईमाणसाचा आवाज आला. यशोधनने आणखी जोर लावला.

“हाय का कुनी...”

वल्ही चालूच होती. तिसरी हाक अगदी बारीक आली.

समोरच्या उंच काठावर, धुक्याच्या वर, एक सावली दिसली. डोक्यावर बोचकं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पाठ फिरवून चालू लागली.

“अहो, त्या निघाल्या. मी त्यांच्याकडेच तर येतोय.”

“तू थांबू नकोस,” मास्तर म्हणाले. “वल्हवत राहा.”

मग तोंडाशी दोन्ही हात धरून त्यांनी हळू, लांब आवाज दिला.

“ओ... आलो गं, आक्का...”

सावली थांबली. बोचकं खाली उतरलं. म्हातारी त्याला टेकून बसली आणि पानाची चंची सोडू लागली.

“मास्तर, आपण तर अजून अर्ध्यातही नाही.”

“नाही.”



यशोधनचे हात मंद झाले. तो म्हाताऱ्या आक्काकडे बघत राहिला.

“माझ्या खिडकीनं साधी ओसुद्धा दिली नाही. मंदाताई येतील का हो परत?”

मास्तरांनी बोटं पाण्यात सोडली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली.

“वल्हव तू,” ते म्हणाले. “हाकेच्या अंतरावर आहेत अजून.”