मोजलेले खिंडार

पूर्वी कुमुदवती नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राज्यातील सारी कोठारे त्याच्या हाती होती. प्रत्येक गावाच्या पिकाचा सहावा हिस्सा राजधानीत येई आणि गावचा तलाव फुटला, रस्ता खचला, तर त्यातूनच गावाला धान्य परत मिळे.

काही लबाड गावे न फुटलेला तलाव फुटला म्हणून सांगत. म्हणून अमात्याने नियम केला होता : दोरीने मोजमाप करणारा अधिकारी, म्हणजे रज्जुक, खिंडार मोजील तेव्हाच धान्य सुटेल, तोवर खिंडाराला कोणी हात लावायचा नाही. हेतू चांगला होता. पण राज्यात गावे होती बाराशे आणि रज्जुक होता एक.

वेणुग्रामाचा बांध फुटला. दोन पावसाळे तलावातले पाणी वाहून गेले, रज्जुक आला नाही. तिसऱ्या वर्षी गावाची प्रमुख, कोकिला नावाची म्हातारी, म्हणाली, "आता पुरे." साऱ्या गावाने खणणाऱ्यांना घरचे बियाणे खाऊ घालून बांध घातला. घातलेला बांध पाहून तरी राजधानीतून धान्य मिळेल, मग त्यातून पेरू, असा हिशेब होता.

बांध पुरा झाला आणि चौथ्या दिवशी रज्जुक आला. दोरी सोडून त्याने विचारले, "खिंडार कुठे आहे?"

"बुजवलं," कोकिला म्हणाली.

"मग मोजू काय? उद्या सकाळी याच वाटेने राजधानीला परतणार आहे. खिंडार असेल तर मोजीन."

पेरणी आठ दिवसांवर होती आणि घरात दाणा नव्हता. गावाने कुदळी उचलल्या.

त्याच सुमारास अमात्य साध्या वेषात पायी फिरत तिथे आला. नवाकोरा बांध, आणि तो घालणारीच माणसे डोळे पुशीत तो फोडायला उभी. तो पाहत राहिला.

"रिकामा उभा आहेस, तर कुदळ घे," कोकिला म्हणाली.

"आई, चांगला बांध का फोडता?"

तिने सगळे सांगितले आणि वर म्हणाली, "आमच्याच खळ्यावरचं धान्य परत मागतो आहोत, बाबा. भीक नाही. हा नियम करणाऱ्याने जन्मात कधी चिखलात पाय घातला नसणार."

बोधिसत्त्व गप्प राहू शकला असता. त्याला तिथे कोणी ओळखत नव्हते.

"आई, तो नियम मी केला."

कुदळी थांबल्या. कोकिलेने त्याच्या चिखल न लागलेल्या पायांकडे पाहिले.

"मग आता घाल पाय," ती म्हणाली.

अमात्य चिखलात उतरला. दोनचार घाव बसून सुटलेली ढेकळे त्याने स्वतः उचलून जागी लावली. कोकिला काठावरून सांगत होती, "तसं नाही रे, तुडवून बसव." आणि अमात्य तुडवत होता.

दुसऱ्या दिवशी तो तसाच चिखलाच्या पायांनी राजसभेत गेला आणि घडलेले सांगून नियम बदलायला हवा म्हणाला. रज्जुक म्हणाला, "महाराज, नियम सैल केला तर चोर मोकळे सुटतील."

"दोन वर्षांचं पाणी गेलं, तीही चोरीच," बोधिसत्त्व म्हणाला. "ती माझ्या नियमाने झाली. यंदाचं माझ्या वाट्याचं धान्य वेणुग्रामाला द्यावं."

राजा हसला. "तुझं तुझ्या घरी राहू दे. त्यांचं त्यांना पाठव. आणि आजच."

त्या दिवसापासून दुरुस्तीचे धान्य पावसाळ्याआधी गावात पोहोचू लागले. रज्जुक नंतर जाई आणि खिंडाराऐवजी तलावातले पाणी मोजी. वेणुग्रामाची पेरणी वेळेवर झाली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथला भांडारी भिक्षू फाटके चीवर पाहिल्याशिवाय नवे वस्त्र देत नसे. त्यामुळे एक वृद्ध भिक्षू नीट लावलेले ठिगळ उसवताना सापडला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा रज्जुक म्हणजे आजचा हा भांडारी. राजा म्हणजे स्थविर सुदर्शन. ठिगळ उसवणारे हे आजोबा म्हणजे कोकिला. आणि ज्याला तिने चिखलात उतरवले, तो अमात्य मीच होतो."

भांडारी उठला आणि सुई-दोरा घेऊन म्हाताऱ्याजवळ बसला.

आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.