सावलीत वाळलेली घागर

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा आरसा फक्त राणीच्या महालात असे आणि बाकीच्यांना आपलं तोंड पाण्यात नाहीतर दुसऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागे, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. घरात तो, त्याची पंधरा वर्षांची मुलगी आणि माती वाहणारी एक म्हातारी गाढवी. मुलीची आई भाद्रपदात तापानं गेली होती.

तिघांच्या घरातून एक माणूस गेलं, की बोलणं तिसऱ्या हिश्शानं कमी होत नाही. ते जवळजवळ संपतंच. कुंभार चाकावर बसे, मुलगी माती मळे. "भाकरी झाली." "ताटात ठेव." दिवसभराचं बोलणं एवढंच. रात्री दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपत, आणि दोघांनाही वाटे, की दुसऱ्याला झोप लागली आहे.

त्या गावाची एक रीत होती. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरच्या लेकीनं वैशाखात, ठरलेल्या दिवशी सकाळी, नवी घागर घेऊन नदीवर जायचं. गेलेल्याच्या नावानं ती भरायची आणि घरी आणून उंबऱ्यात ठेवायची. डोक्यावर पदर असला तर चाले, तोंडावर मात्र ओढायचा नसे. गाव मानत असे, की त्या सकाळी गेलेली माणसं काठावर येऊन उभी राहतात. त्यांना आपलं माणूस ओळखू आलं पाहिजे. तोंड झाकलेलं असेल, तर ती शोधत राहतात आणि तहानलेली परत जातात.

आईच्या नावाची घागर भरायची. भाद्रपदापासून मुलीनं मनाशी एवढं एकच घट्ट धरून ठेवलं होतं.

आणि माघात तिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या.

आधी कपाळावर दोन, मग गालांवर, मग हनुवटीवर. काही लाल, काही पिकलेल्या, काही कातडीखाली गाठीसारख्या ठणकणाऱ्या. रांजणाच्या पाण्यात वाकून पाहिलं, तर पाणी हलायचं थांबल्यावरही चेहरा खडबडीतच दिसे.

पाणवठ्यावरच्या मुलींना ते दिसायला वेळ लागला नाही.

"काय गं, गालावर मसूर पेरलीस का?"

"पेरली, पण उगवली जरा दाट!"

सगळ्या हसल्या. तेल्याची मुलगीही हसली. ती तिची अगदी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण सगळ्या हसत असताना एकटीनं गप्प उभं राहणं सोपं नसतं. घाटाच्या पायरीवर बसलेली एक फार म्हातारी बाई तेवढी हसली नाही. पण तिचं कोण धरतं? तिला सकाळी जेवलेलं आठवत नसे आणि वीस वर्षांपूर्वीचं विसरत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती भलतीच कुणी समजून हाक मारी, आणि लोक नुसती ओ देऊन पुढे जात.

त्या दिवसापासून मुलगी भर दुपारी पाण्याला जाऊ लागली. दुपारी घाटावर कुणी नसे. तापलेल्या पायऱ्या असत, आणि पलीकडच्या तीरावर एखादा बगळा. तोंडाभोवती ओढणी गुंडाळून ती जाई आणि तशीच परत येई. बोलायला उरली गाढवी.

"तुझं बरं आहे," ती गाढवीच्या मानेवरची माती झाडत म्हणे. "तुझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही."

गाढवी एक कान हलवी. पटलं म्हणून की माशी बसली म्हणून, ते कळत नसे.

फाल्गुन गेला, चैत्र आला. दिवस जवळ येऊ लागला, तशी ती घाबरली. काहीही करून वैशाखाच्या आत तोंड साफ व्हायला हवं होतं. पण ती कुंभाराच्या घरची मुलगी. बिघडलेलं नीट करायची एकच विद्या तिला ठाऊक होती. मडक्यावर खडा वर आला, तर नखानं टोकरून काढायचा. अंग खरखरीत असलं, तर घासायचं. तरीही डाग राहिला, तर गेरूच्या पाण्याचा हात द्यायचा, म्हणजे भट्टीतून मडकं एकसारखं लाल होऊन निघतं.

तिनं तसंच केलं. पुटकुळ्या नखांनी दाबल्या. भट्टीतली राख घेऊन गाल खसाखसा घासले. वर गेरूचा हात दिला आणि तो वाळावा म्हणून धगीजवळ जाऊन बसली. पहिल्या दिवशी तोंड चुरचुरलं. तिला वाटलं, औषध लागू पडतंय. आठव्या दिवशी जिथे पाच होत्या तिथे अकरा झाल्या, आणि ओठ हलवला तरी गाल दुखू लागला.

बापाला हे कळलं गेरूच्या गाडग्यावरून. चार दिवसांत एकाही मडक्याला गेरू लावला नव्हता, आणि गाडगं निम्म्यावर आलं होतं. तो तिला शोधत भट्टीमागे गेला.

ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"बघू नकोस, बा."

"वर बघ."

"नको ना."

तो तिच्यासमोर मातीतच बसला. बसताना त्याचे गुडघे कटकन वाजले. शेवटी तिनंच डोकं वर केलं. वाळलेला गेरू गालांवर भेगाळला होता आणि भेगांतून लस येत होती.

"बारा दिवस राहिलेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला घागर भरायला सांग. असलं तोंड घेऊन मी गेले, तर आई मला ओळखणार नाही. ती शोधत बसेल आणि तशीच परत जाईल."

बाप उठून घरात गेला. आत दोरीवर तिच्या आईचं एक जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं होतं. आठ महिने त्याला दोघांपैकी कुणीही हात लावला नव्हता. मुलीला कापड फाटल्याचा आवाज ऐकू आला. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो कोमट पाणी आणि लुगड्याचा एक चौकोनी तुकडा घेऊन बाहेर आला.

तिच्या गालावरचा गेरू तो भिजवू लागला. घासत नव्हता, नुसतं ओलं फडकं धरून ठेवत होता, सुटेपर्यंत.

"ओलं मडकं चाकावरून उतरवलं, की कुठं ठेवतो आपण?"

"सावलीत."

"उन्हात का नाही?"

"तडकतं."

"आणि ओलं असताना कुणी बोट लावलं तर?"

"बोटाची खूण भाजल्यावरही राहते." आणि मग चिडून, "मी काय मडकं आहे का?"

"नाहीस. मडकं निदान ऐकतं तरी."

तिला हसू आलं आणि हसल्यामुळे गाल दुखला. तिनं तोंड वाकडं केलं. कितीतरी महिन्यांनी त्या अंगणात कुणी हसलं होतं.

बाप पुन्हा फडकं बुडवत म्हणाला, "तुझी आई या घरात आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्या तोंडावर हेच होतं. तुझ्यापेक्षा चार जास्तच असतील."

"खोटं."

"सारखी खाली मान घालून वावरायची. मला वाटलं, लाजते. कळायला मला सहा महिने लागले. तोवर घाटावरच्या त्या म्हातारीनं तिला हाताशी धरलं होतं. तेव्हा म्हातारी नव्हती ती. धडधाकट होती."

"मग काय केलं आईनं?"

"फार काही नाही. तेच तर." तो आठवून आठवून सांगू लागला. "दिवसातून दोनदा तोंड धुवायची, जास्त नाही. मसुरीचं पीठ अगदी बारीक वस्त्रगाळ करून, चिमूटभर, हलक्या हातानं."

"मसूर?"

"का गं?"

"काही नाही. पुढं सांग."

"कडुनिंबाचा पाला उकळून गार करायची, त्या पाण्यात बोळा भिजवून टिपायची. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं होतं, खाज सुटते का ते. डोक्याला तेल कमी, आणि ते कपाळावर ओघळू द्यायचं नाही. उशीवरचं फडकं धुवून उन्हात टाकायची. मला वाटायचं, काय वेड लागलंय हिला. राख नाही. लिंबू नाही. कुणी काही सांगितलं तरी नाही. आणि हात." त्यानं तिचा गालाकडे चाललेला हात धरला. "हात लावायचा नाही. गाठ फार ठणकायला लागली, सूज चढली, तर सरळ वैद्याकडं जायचं. एकदा गेली होती ती."

"बारा दिवसांत जातील?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यानं ते केलं नाही.

"नाही. तिला वर्ष लागलं. मधूनमधून परत यायच्या. निंब म्हणजे काही जादू नव्हे, पोरी. तो नुसता मदत करतो. बरं होणं ज्याचं त्याच्या वेळेनं होतं."

मुलीचं लक्ष अंगणात ओळीनं मांडलेल्या घागरींकडे गेलं. गावात त्या वर्षी सात माणसं गेली होती. घागरी सहा होत्या.

"आईची कुठं आहे?"

बापानं फडकं पिळलं. पिळून झाल्यावर पुन्हा पिळलं.

"बसतो रोज," तो म्हणाला. "माती चाकावर ठेवतो. हात उठत नाही."

तेव्हा मुलीला कळलं, की त्या घरात तोंड लपवून बसलेली ती एकटी नव्हती.

ती उठली, तोंड कोरडं केलं आणि माती मळायला बसली. त्या दुपारी कुंभारानं आपल्या बायकोच्या नावाची घागर चाकावर घेतली. गळा दोनदा वाकडा झाला. तिसऱ्यांदा जमला. घागर त्यांनी आतल्या खोलीत, सावलीत ठेवली आणि वरून ओलं फडकं घातलं.

पुढचे दिवस दोन्ही गोष्टींची एकच राखण होती. सकाळी ती तोंड धुवायची, निंबाचं पाणी टिपायची आणि रांजणात वाकून बघण्याऐवजी घागर कितपत सुकली ते बघायची. बाप विचारी, "हात लावलास?" ती विचारी, "कुणाला, मडक्याला का तोंडाला?" रात्री बोलणं थोडं लांबू लागलं. आईला ताकात जिरं चालायचं नाही, हे त्याला आठवलं. आई भाकरी थापताना पुटपुटायची, ते तिला आठवलं. मग दोघं लवकर झोपत, आणि आता खरंच झोप लागे.

घागर सुकली, भट्टीत गेली, भाजून निघाली. वाजवली तर खणखणीत बोलली.

आणि तो दिवस उजाडला. मुलीच्या तोंडाची आग गेली होती, लस थांबली होती, निम्म्या पुटकुळ्या बसल्या होत्या. निम्म्या होत्या तशाच होत्या. हनुवटीवर तर आदल्याच दिवशी एक नवी आली होती. जिथे नखं लावली होती, तिथे काळसर डाग होते.

उंबऱ्यात उभी राहून तिनं ओढणी तोंडावर ओढली. बाप मागे उभा होता.

"रीत आहे म्हणून जाऊ नकोस," तो म्हणाला. "तुला जावंसं वाटलं, तर जा."

ती थोडा वेळ थांबली. मग तिनं ओढणी डोक्यावर सारली, घागर कडेवर घेतली आणि निघाली.

सगळा गाव घाटावर होता. मुली बाजूला झाल्या. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलेलंही कातडीला लागतंच. तिनं पाण्यात उतरून घागर बुडवली. घागर बुडबुडत भरली. आईचं नाव तिनं मोठ्यानं घ्यायचं ठरवलं होतं, पण ते ओठांतल्या ओठांतच राहिलं. गावच्या माणसांपलीकडे काठ रिकामा होता. कुणी आलं असेल, असं तिला वाटेना.

भरली घागर डोक्यावर घेऊन ती पायऱ्या चढू लागली, तेव्हा पायरीवरच्या म्हातारीनं तिचा हात धरला.

"आलीस का गं, कुंभाराच्या नव्या सूनबाई?"

मुलगी जागीच थांबली. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं.

म्हातारीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आठ महिन्यांत घराबाहेर तिला असं कुणी बघितलं नव्हतं.

"हं. उतरतंय की. राख लावत नाहीस ना? निंबाचं पाणी लावतेस?"

"लावते," मुलगी कशीबशी म्हणाली.

"लाव. आणि मान वर करून चालत जा, बाई. नवरा चांगला आहे तुझा. नुसता मुका आहे."

घाटावरच्या बायका हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. त्यांतल्या ज्या जाणत्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. कारण त्या तोंडात आता त्यांनाही तिची आई दिसली होती.

मुलगी मान वर करून घरी गेली. तिनं घागर उंबऱ्यात ठेवली. बाप दाराशीच बसला होता.

"आली होती?" त्यानं विचारलं.

"आली होती," ती म्हणाली. "ओळखलं तिनं मला. लगेच ओळखलं."

संध्याकाळी तेल्याची मुलगी मागच्या दारानं आली. बराच वेळ ती गाढवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं कपाळावरचे केस वर केले. खाली पुटकुळ्यांची रांग होती. घरात तेलाचे घाणे, आणि डोक्यावर तेलाची धार.

"मसूर," ती हळूच म्हणाली.

"दळून आणते," कुंभाराच्या मुलीनं म्हटलं. "बस."

पुटकुळ्या जायला पुढचा वैशाख उजाडला. दोन डाग कायमचे राहिले. पण भर दुपारी एकटीनं पाण्याला जाणं तिनं त्या दिवशीच सोडलं.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: कच्च्या मडक्याला आणि कोवळ्या चेहऱ्याला टोकरू नये, जाळू नये, लपवू नये; स्वच्छता, सावली आणि वेळ द्यावा, कारण आपली माणसं आपल्याला डागांसकट ओळखतात.