दोन शेपट्यांच्या किड्याची कहाणी

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी एक नेम धरला होता. शुक्रवारी हळदीकुंकवाला जी येईल, तिला एक कहाणी सांगितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आज ही ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक सून होती. तिचं माहेर वर रानात, झऱ्याकाठी. सासरची नदी मात्र घाण. कुणी निर्माल्य टाकी, कुणी गोठ्याची घाण लोटी, रंगारी रंगाचं पाणी सोडी. तेच पाणी पिऊन सुनेचं वर्षाचं बाळ जुलाबांनी सुकत चाललं.

ती पाटलाच्या दारी गेली आणि नदीत घाण टाकणं थांबवा, माझ्या माहेरच्या गोड पाण्याने कुणाचं मूल असं सुकत नाही, म्हणाली. तिच्या माहेरचं पाणी एवढं गोड कसं, ते पाटलाने विचारलं. तिने सांगितलं, तिथे दगड उलटला की खाली दोन शेपट्यांचा बारका किडा असतो. तो दिसला तरच आई घागर बुडवते.

झालं. पाटलाला वाटलं, पाणी गोड करतो तो किडाच. घाण थांबवायची तर घरोघर भांडणं. त्यापेक्षा किडा आणणं सोपं.

सासू म्हणाली, "माहेरचं सगळं आणून झालं, किडेच तेवढे राहिले होते."

सून हात जोडून म्हणाली, "पाटीलबाबा, पाणी गार आहे, वाहतं आहे, निर्मळ आहे, म्हणून तो तिथे राहतो. इथे तो जगायचा नाही."

कुणी ऐकलं नाही. गडी वर गेले, झऱ्यातला दगडन् दगड उलटा करून त्यांनी हंडे भरले. किडे वाजतगाजत आले. बायकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, नदीत सोडलं, आणि पूजेची फुलं-पत्रीही तिथेच टाकली.

सांजेला सगळे किडे मरून काठाला लागले.

"वाण खोटं निघालं," पाटील म्हणाला. "पलीकडच्या डोंगरातले आणू."

तेही आणले. तेही मेले. तोवर सुनेचं बाळ गेलं. आणि वर तिची आई दगड उलटून उलटून थकली, तिला एकही किडा दिसला नाही.

पुढे सून देवाचं निर्माल्य अंगणातल्या झाडाच्या आळ्यात जिरवू लागली. बायका हसत. हिच्या एकटीच्या चार फुलांनी नदी नितळ होणार का, म्हणत. ती खड्डा उकरी, माती लोटी.

तात्पर्य: निर्मळपणाची खूण उचलून आणता येते, निर्मळपणा आणता येत नाही. तो आपल्या हातांनी राखावा लागतो.

तर बायांनो, उद्या देव्हारा आवराल तेव्हा फुलं नदीवर नेऊ नका. तिने जिरवली तशी तुम्हीही दारच्या मातीत जिरवा.